लिंबाखालचा रिकामा खुंटा

ज्या माणसाच्या डोक्यावर पक्कं छप्पर नाही, त्याला 'घरासाठी झाडं तोडू नका' असं कोणत्या तोंडानं सांगायचं? निघताना मला याचं उत्तर माहीत नव्हतं, आणि आता परत आल्यावरही माहीत नाही. तरी गेले. धारूरजवळच्या आमच्या गावात कडुलिंबाची राई आहे. ती तोडून तिथे प्लॉट पाडायचं ठरलंय. गाव ऊसतोडीला गेलेलं, त्यामुळे राई राखायला मागे उरलेत ते फक्त म्हातारे.

पुण्याहून पहाटेची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा खासगी गाडीच्या मागे लागू नका. बीडला गाडी बदलून वडवणीमार्गे तेलगाव. या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी हमखास रखडते, म्हणून वेळ हाताशी ठेवा. तेलगावच्या फाट्यावर गरम भजी मिळतात. सोबत तळलेली मिरची मागून घ्या, आपण होऊन देत नाहीत. पाणी मात्र घरून न्या. यंदा पाऊस नव्हता, आणि हॉटेलवाला ग्लास अर्धाच भरत होता.

आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, दरवर्षी लांब पश्चिमेकडे तोडीला जातात. यंदा टोळी तेलगावच्या बाजूलाच एका सहकारी कारखान्याला लागली. फाट्यापासून कोप्यांपर्यंत चालत गेले. उसाच्या पाचटाच्या या झोपड्यांतच माझं निम्मं बालपण गेलं. दादा कोयत्याला धार लावत बसले होते.

"कावून आलीस गं? सुट्टी हाय का?"

"राईसाठी चाललेय गावाला."

त्यांनी धार लावायची थांबवली नाही. "शिकलीस, नोकरी लागली. आता झाडं राख."

आईनं भाकरी आणि ठेचा वाढला. रस्त्यापर्यंत सोडायला आली तेव्हा ती म्हणाली, "हमी योजनेवर खड्डे आमीच खांदले. तू झोळीत व्हतीस. हंडा डोक्यावर घिऊन घातलंय म्या लिंबाला पानी." मग म्हणाली, "पर स्लॅब मला बी पायजे, बाई."

मी बसच्या खिडकीत बसले, तेव्हा ती मागे वळून कोप्यांकडे निघालेली होती.

धारूरचा घाट अरुंद आहे. वळणांचा त्रास होत असेल तर पुढच्या बाजूला बसा. किल्ला बघायचा तर सकाळी जा. तटावरून बालाघाटाचे उघडे डोंगर लांबवर दिसतात. मी वर तासभर होते. एक माणूस भेटला नाही.

गावातही तसंच. ओळीनं कुलपं, आणि गुरं आत शिरू नयेत म्हणून दारांना आडव्या लावलेल्या बोरीच्या काटेरी बोराट्या. टँकर आला तेव्हा हंडे होते, भांडायला माणसं नव्हती. मी आमचं दार उघडलं, चूल पेटवली आणि एकटीपुरता पिठलं-भात केला. शेजारच्या कौसामावशींना हाक मारली, तर त्या राईतच होत्या. मीही तिकडे गेले.

ही राई बंद पडलेल्या आमच्या दूध संस्थेच्या जमिनीवर आहे. मागच्या मोठ्या दुष्काळात संस्थेनं इथेच चारा छावणी चालवली. तेव्हा प्रत्येक घरानं आपापल्या लिंबाखाली खुंटा ठोकला आणि गुरं जगवली. छावणी उठली, खुंटे तसेच राहिले. कुठला खुंटा कुणाचा, हे अजून कुणाला विचारावं लागत नाही. आता संस्थेच्या जुन्या कमिटीनं गृहनिर्माण संस्था काढलीय, आणि सभासदांना प्लॉट देणार म्हणतात. म्हाताऱ्यांची मागणी एवढीच, की गाव उसावरून परतेपर्यंत मोजणी करू नका. त्यासाठी ते रोज सकाळी खुंट्याखुंट्याला जनावर बांधतात. उसाला गेलेल्यांची शेळी, गाय, जे मागे असेल ते. जनावर बांधलं म्हणजे त्या घराचा नकार.

आमचा खुंटा रिकामा होता.

"आमची गाय विकली म्हणून?" मी मावशींना विचारलं.

त्या शेळीपुढे पाला टाकत राहिल्या. "मी म्हणले व्हते माझं वासरू बांधते. तुझ्या बापानं नको म्हणून निरोप धाडला."

तेवढ्यात जीप आली. संस्थेचे चेअरमन आणि सोबत मोजणीवाला. चेअरमननं सगळ्यांना रामराम घातला, म्हाताऱ्यांची चेष्टा केली. "काय आप्पा, शेळ्यांची सभा भरली व्हय? गणसंख्या पुरी हाय का?"

"पुरी हाय," आप्पा म्हणाले. "अन् कुनी झोपत बी न्हाई तुमच्या सभेवानी."

चेअरमनही हसले. मग फिरत फिरत आमच्या लिंबापाशी आले आणि बुटानं खुंटा दाखवून मोजणीवाल्याला म्हणाले, "हितून धर."

मी आडवी उभी राहिले.

"तू कुनाची गं?"

मी दादांचं नाव सांगितलं.

"मग फोन लाव बापाला. त्यानंच पयला प्लॉट मागितलाय. पोरी, सावली लई झाली, आता घरं हू दे."

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्याकडे भाषण होतं, बसमध्ये मनात घोळवलेलं. त्यातलं एक वाक्य त्या खुंट्यापाशी उपयोगाचं नव्हतं. मी बाजूला झाले. त्यांनी तिथे चुन्याची एक खूण केली. पुढे गाईगुरं आणि म्हातारे हलेनात, तेव्हा "सोमवारी येतो" म्हणून निघून गेले.

संध्याकाळी म्हातारे गुरं सोडून घरी गेले. मला कुणी जेवायलाही बोलावलं नाही. मी लिंबाखाली बसून राहिले. ही झाडं माझ्याच वयाची आहेत. त्यांच्याखाली बसलं की गारवा वाटतो, एवढं कळत होतं. आमची बाजू कुठली ते कळत नव्हतं.

आता पुण्यात, कॉट आणि कपाट मावतं एवढ्या खोलीत हे लिहितेय. धारूरला गेलात तर राई बघा. गावात कुणालाही विचारा, म्हणजे भेटेल त्याला.

दादांना कालच फोन केला. त्या संध्याकाळनंतर मी धारूरच्या बाजारात जाऊन एक शेळी घेतली होती. कौसामावशींना म्हटलं, दूध तुमचं, फक्त रोज आमच्या खुंट्याला बांधा. पहिल्या दिवशी मीच बांधली, चुन्याच्या खुणेवर. सोमवारी जीप आली, तेव्हा एकही खुंटा रिकामा नव्हता.

दादांनी सगळं ऐकून घेतलं. कोपीबाहेर कुणीतरी बैलांना हाकारत होतं, ते फोनमध्ये ऐकू येत होतं.

"अन् घर?" ते म्हणाले.

शेळी तर बांधून झाली होती.