हाताचा एकच शॉट

कवळीकाकांचा हात कधी थरथरला नव्हता. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये त्यांची तीस वर्षं गेली. स्पिरिटचा दिवा, मेणात दात बसवायची छोटी सुरी, समोर कुणाच्या तरी जबड्याचा साचा. पुढचे सहा दात बसवायचं काम मालक दुसऱ्या कुणाला देतच नसे. "हसू मी घडवतो, नाव डॉक्टरचं होतं," असं म्हणून काका स्वतःच खो-खो हसत.

शेजारच्या मुलीला कॉलेजसाठी एखाद्या कारागिरावर पाच मिनिटांची फिल्म करायची होती. ती काकांच्या घरात खेळून मोठी झालेली. विषय शोधायला लांब जावं लागलं नाही.

शूटिंगच्या दिवशी लॅबची लिफ्ट बंद होती. दिव्यांची पेटी आणि ट्रायपॉडची पिशवी काकांनी तिच्या हातातून ओढून घेतली.

"काका, जड आहे ते."

"मग तू उचलणार? फुंकर मारली तर उडशील!"

तीन मजले चढून ते कामाच्या टेबलाशी टेकले. खिडकीतलं ऊन नेमकं त्यांच्या हातावर पडलं होतं. तिनं घाईघाईनं कॅमेरा सुरू केला.

खरी पंचाईत एडिटिंगला झाली. काका बोलायला लागले की गाडी भलत्याच रुळावर जायची. तिनं पाल्हाळ कापलं. पण जिथं कापलं तिथं चेहरा टुणकन उडायचा. असा सांधा झाकायला वर दुसरं दृश्य ठेवायचं, हे सरांनी शिकवलं होतं. तिच्याकडे जवळून घेतलेला हाताचा एकच चांगला शॉट होता. तोच तिनं तीन ठिकाणी लावला. त्यात सुरीचं टोक किंचित थरथरत होतं. तिला ते आवडलं. त्या उन्हात त्यात सगळं आयुष्य दिसतं, असं तिला वाटलं.

"हातच बोलतोय सगळं," सर म्हणाले. फिल्मबरोबर 'काय शिकलो' असं एक पान द्यायचं होतं. तिनं लिहिलं, शॉट कमी पडले तर एकच शॉट पुन्हा वापरता येतो.

काकांनी फिल्म कौतुकानं सगळ्यांना पाठवली. मालकाला पाठवली. ओळखीच्या डॉक्टरांनाही पाठवली.

आठ दिवसांनी काकू दारात आल्या. आत या म्हटलं तरी आल्या नाहीत.

"ह्यांना साच्यात प्लास्टर ओतायला बसवलंय. नवशिक्यांचं काम. डॉक्टर म्हणाले, हात कापतो त्या माणसाकडे पुढचे दात नकोत." मग हळूच म्हणाल्या, "तुला बोल लावत नाहीये गं. पण ते जेवत नाहीत नीट."

तिनं मूळ चित्रण उघडलं. सुरुवातीचे चाळीस सेकंद तिनं पहिल्याच फटक्यात उडवले होते. त्यात काका धापा टाकत होते, मनगट चोळत होते. "थांब जरा, हात भरून आलेत. दगड भरलेस का पिशवीत?" मागून तिचाच आवाज होता. "काका, ऊन जाईल ना! नुसती सुरी धरा." काकांनी धरली.

ती तडक लॅबमध्ये गेली. मालकानं सगळं पाहिलं. माणूस वाईट नव्हता.

"मला पटलं, पोरी. पण डॉक्टरांनी ती फिल्म पाहिलीय. ही कोण बघणार?" मग त्यानं हाक मारली, "काका, या इकडे. मी बघतो, माझ्यासमोर एक दात बसवा. मग मीच सांगतो त्यांना."

काका हात पुसत आले. प्लास्टर कोपरापर्यंत उडालं होतं. तिच्याकडे पाहून हसले. जुन्या जागेवर बसले, दिवा पेटवला, सुरी तापवली. मालक त्यांच्या हाताकडे बघत होता. बाकीचे कारागीरही बघत होते. तीही बघत होती.

काका तीस वर्षं दाताकडे बघत आले होते. आज तेही हाताकडे बघायला लागले.

सुरीचं टोक मेणाजवळ गेलं आणि थरथरलं. ते थांबले. पुन्हा नेलं. पुन्हा थरथरलं.

त्यांनी सुरी खाली ठेवली.

"आज तर मी काहीच उचललं नव्हतं गं," ते म्हणाले.