वहिनीले सांगा, हालानं नही

भुतांच्या गोष्टी ऐकायला मला आवडतात, पण 'हे बघितलं कोणी?' असं विचारलं की दर वेळी कुणाच्या तरी मावसभावाचा मित्र निघतो. त्यामुळे या प्रकारावर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आता जे सांगणार आहे ते मात्र माझ्याच बाबतीत घडलंय, तेव्हा हसायची सोय राहिलेली नाही...

गाव नंदुरबार — तेव्हा पश्चिम खानदेशातलं तालुक्याचं ठिकाण. दुसरी लढाई सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. मी तिथल्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो, मूळचा नाशिककडचा. बायको तापाने गेली आणि मी दुसऱ्या आळीत खोली घेऊन एकटा राहू लागलो. नवीन शेजाऱ्यांनी विचारलं की 'माहेरी गेलीय' म्हणायचो. खरं सांगितलं की लोक हळहळतात, आणि ते मला सोसत नव्हतं.

मी माणसांची चित्रं बरी काढायचो. गावातल्या शेटजींपासून टांगेवाल्यापर्यंत सगळ्यांचे चेहरे माझ्या हाताला यायचे. फक्त तिचा येत नव्हता. ती असतानाही आला नव्हता, कारण बाई दोन मिनिटं एका जागी बसेल तर शपथ! कागद मांडला की हिला चुलीवरचं दूध आठवायचं. माझ्याकडे तिची पाठ होती, कोपरापर्यंतचा हात होता, अर्धवट अंबाडा होता. चेहरा नव्हता. फोटो तर कधी काढलाच नव्हता. आणि आता डोळे मिटले तरी ती नीट दिसेनाशी झाली होती. त्याची मला फार भीती वाटायची.

म्हणून, चेहरा पकडतात कसा ते बघायला, मी निंबाभाऊ फोटोग्राफरांच्या स्टुडिओत जाऊन बसू लागलो. स्टुडिओ म्हणजे पत्र्याची शेड, छपराला उत्तरेकडून काचा. गावात ते नवीनच आले होते. समोरच्याला बसवायचं, कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घालायचं आणि आतून ओरडायचं, "हालानं नही!" एकदा त्यांनी मला त्या कापडाखाली घेतलं. मागच्या काचेवर समोरचा माणूस उलटा दिसत होता, डोकं खाली नि पाय वर. ते म्हणाले, असं उलटं बघितलं की माणूस कोण आहे ते विसरायला होतं, मग नुसता उजेड दिसतो. मी घरी जाऊन माझी चित्रं उलटी टांगून बघितली आणि सगळ्या चुका समोर आल्या. कॉलेजात जे शिकलो नव्हतो ते मला या माणसाने शिकवलं. त्या वर्षभरात माझा हात सुधारला तो त्यांच्यामुळे.

त्यांचा मागचा पडदा फाटला होता, तर मी त्यांना नवीन रंगवून दिला. महाल, जिना, कठडा, जसा लोकांना आवडतो तसा. त्या बदल्यात ते म्हणाले, बसा, पहिला फोटो तुमचाच.

भर दुपार होती. शेडमध्ये आम्ही दोघंच. मी खुर्चीत बसलो, ते कापडात शिरले. आतूनच म्हणाले, जरा उजवीकडे सरका. सरकलो. अजून सरका. तेही केलं. मला वाटलं, पडद्यावरचा जिना नीट यावा म्हणून सांगतायत. मग ते म्हणाले,

"मास्तर, वहिनीले सांगा, हालानं नही."

लग्नसराई होती, दिवसभर जोडपीच येत होती. तोंडात बसलेलं वाक्य असेल, असं समजून मी ते सोडून दिलं. त्यांनी भिंगाचं टोपण काढलं, आकडे मोजले, टोपण लावलं. कापडातून बाहेर आले आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, "वहिनी कोठे गई?"

मी टोपी उचलली आणि घरी निघून आलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोटो हातात दिला. मी स्वच्छ आलो होतो. जिनाही स्वच्छ. फक्त माझ्या डाव्या हाताला, एक माणूस उभं राहील एवढ्या जागेत, कठडा पुसल्यासारखा झाला होता. निंबाभाऊ चिडले होते. लढाईमुळे फोटो उतरवायच्या काचा मिळत नव्हत्या, त्यात ही वाया गेली.

"सांगेल व्हतं ना... हालनी वहिनी."

तेव्हा मी त्यांना खरं काय ते सांगितलं. ते खाली बसले. (आता वाचक विचारणारच, पाय उलटे होते का म्हणून. त्या काचेत सगळ्यांचेच असतात हो!) मी भ्यालो नव्हतो. मला एकच विचारायचं होतं आणि ते मी विचारलं — ती दिसत कशी होती? नाक कसं होतं, कपाळ कसं होतं, काहीही सांगा.

त्यांना फार वाईट वाटलं, ते दिसतच होतं. म्हणाले,

"मास्तर, मी तोंड देखतच नही. उजेड देखस. उजेड चांगला पडेल व्हता."

ज्या गोष्टीसाठी मी त्यांना गुरू मानलं, तीच आडवी आली.

त्यानंतर मी दर रविवारी त्या खुर्चीत बसायचो. फोटो काढायचा नाही, काच वाया घालवायची नाही, त्यांनी आतून नुसतं बघायचं. या वेळी तोंड नीट बघतो, असं त्यांनी मला वचन दिलं होतं. मी डाव्या हाताची जागा सोडून बसायचो आणि मनातल्या मनात तिला म्हणायचो, दूध जाऊ दे उतू, आज एवढी उभी राहा.

कापडातून दर वेळी तेच यायचं, दर वेळी आणखी हळू आवाजात.

"मास्तर, आज तुम्ही एकलाच शेतस."

काच खराब असेल, त्यांच्या डोळ्यांना दमणूक आली असेल, जोडपी बघून भास झाला असेल. सगळं स्वतःला सांगून झालंय. कशानेच समाधान होत नाही. तो फोटो मी तिच्या अर्धवट चित्रांच्या गठ्ठ्यात ठेवला आहे, आणि अजूनही कुठे फोटोला बसायची वेळ आली, की मी नकळत थोडा उजवीकडे सरकतो.