एकशे बारा घरांचे जाधव गुरुजी

फ्लॉपीला हात लावण्यापूर्वी जाधव गुरुजी साबणाने हात धूत, पंच्याने एकेक बोट कोरडं करत आणि तळवा खिडकीतल्या उजेडाकडे धरून बघत. मग दोन बोटांच्या चिमटीत ती काळी चौकोनी तबकडी अलगद उचलत. रत्नागिरीतल्या त्यांच्या घरी संगणक शिकवायला पहिल्यांदा गेले तेव्हा मला हसू आलं होतं. मी तेवीस वर्षांची, पुण्याहून सहा महिन्यांचा कोर्स करून रत्नागिरीत संगणकाच्या क्लासात शिकवायला लागलेली. ते प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. तरी मला ‘बाई’ म्हणत. मी संकोचले तर म्हणाले, “शिकवते ती बाई. वयाचा काय संबंध?”

संगणक त्यांच्या मुलाने, सिद्धार्थने, मुंबईहून आणला होता. त्याच्या कंपनीने जुनी मशिनं काढून टाकली, त्यातलं एक. गुरुजींना ते हवं होतं वाळवीमुळे. संगमेश्वरच्या पलीकडे त्यांचं गाव. तिथल्या आणि आसपासच्या वाड्यांतल्या आपल्या समाजाच्या घरांची नावं ते वीस वर्षं गोळा करत होते. कोण कुणाचा, कुठून आला, कोणती लेक कुठे दिली, कोण मुंबईला गिरणीत गेला. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती त्यांची नावं सरकारी कागदांत नव्हती. ती फक्त म्हाताऱ्या बायांच्या तोंडी होती आणि गुरुजींच्या वह्यांत. एका पावसाळ्यात वाळवीने तीन वह्या खाल्ल्या. तेव्हापासून त्यांना कागदाचा भरवसा उरला नव्हता.

त्या मशिनच्या पोटात काही साठत नसे, सगळं फ्लॉपीवरच; शिवाय देवनागरी उमटत नसे, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी नावं टंकायची. एका घराण्याची एक फाईल. फाईलच्या नावाला आठच अक्षरं मिळतात हे सांगितलं तेव्हा त्यांनी बोटांवर आठ मोजले. म्हणाले, “आमच्या माणसांना जन्मभर अर्ध्याच नावाने हाका मारल्या, बाई. धोंड्या, गंगी. बाहेर आठ तर आठ. आत मात्र पुरं लिहायचं. धोंडीराम. गंगाबाई.”

दीड वर्षात त्यांनी एकशे बारा घरं पुरी केली. वाळवी उरलेल्या सगळ्याच वह्यांना लागली होती, म्हणून टंकून झालेली वही ते बंबात घालत. “कीड घरात ठेवायची नाय,” म्हणत. मी धास्तावून प्रतींचं महत्त्व सांगितलं, तर ते त्यांनी माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतलं. तीन तबकड्या केल्या. पहिली घरात, स्टीलच्या डब्यात, दमट हवा लागू नये म्हणून भाजलेल्या तांदळाच्या पुरचुंडीसह. दुसरी माझ्या क्लासच्या कपाटात. तिसरी संगमेश्वरला बहिणीकडे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिन्ही एकत्र आणून नव्याने भरायच्या. “एक हाताशी, एक शेजारी, एक परगावी,” ते म्हणत. “तिघी एकदम मरत नायत.”

रत्नागिरीच्या कॉलेजात संगणकाला जोडलेलं छपाईचं यंत्र होतं. कागदावर काढून ठेवू या, असं मी दोनदा सुचवलं. दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली. अजून पाच-सहा घरं राहिली होती. अपुरी यादी छापली तर राहिलेल्यांना काय वाटेल, हे त्यांचं म्हणणं. मी आग्रह केला नाही.

भाद्रपदातला तो रविवार. आठ दिवस वीज येत-जात होती आणि मशीन बंदच होतं. गुरुजी संगमेश्वरहून तिसरी तबकडी घेऊन आले होते. मी क्लासमधली आणली. घरातली आत घातली तर पडद्यावर चूक दिसली. पुन्हा घातली, पुन्हा तेच. बाहेर काढून पाहिली तर तबकडीच्या खाचेत पांढुरके ठिपके होते. बुरशी. मला त्याचं काही विशेष वाटलं नाही. दोन चांगल्या प्रती होत्याच.

“दुसरी घालू या,” मी म्हटलं आणि घातली. आतून खरवडल्यासारखा आवाज आला. चूक.

गुरुजी म्हणाले, “थांबा, बाई. उद्या बघू.”

क्लासमध्ये दुसरं मशीन होतं, चालत दहा मिनिटांवर. बाहेर पाऊस होता आणि मला कंटाळा आला होता. शिवाय शेवंताबाई, गुरुजींची पत्नी, दारात उभ्या होत्या आणि मला माझं ज्ञान दाखवायचं होतं. “काही होत नाही,” मी म्हटलं. तिसरी तबकडी गुरुजींनी हातात धरली होती. ती मी त्यांच्या बोटांतून काढून घेतली.

पुण्याहून आलेल्या इंजिनियरने पंधरा दिवसांनी मशीन उघडलं. पहिल्या तबकडीची बुरशी आतल्या वाचणाऱ्या भागाला चिकटली होती आणि तिने पुढच्या दोन्ही खरवडून काढल्या होत्या. “पहिली खराब निघाल्यावर दुसरी घालायचीच नसते,” तो सहज म्हणाला. ते मी गुरुजींना जसंच्या तसं सांगितलं. ते फक्त “असं का,” म्हणाले आणि शेवंताबाईंना चहा ठेवायला सांगितलं.

ते पुन्हा वही घेऊन बसले. आठवेल तसं लिहू लागले. पण ज्या म्हाताऱ्या बायांनी नावं सांगितली होती, त्यांतल्या बहुतेक तोवर गेल्या होत्या. 

दिवाळीनंतर मुंबईहून सुनंदा नावाची एक मुलगी आली, कडेवर बाळ घेऊन. तिच्या आजीने मरण्यापूर्वी गुरुजींना घराणं सांगितलं होतं. आजीच्या आईचं नाव तिला बाळाला ठेवायचं होतं. मी तिथेच होते. गुरुजींनी डोळे मिटले. 

“क वरनं होतं,” ते म्हणाले. “काशी... नाय. कोंडाबाई... नाय. होतं, पोरी, माझ्याकडं पुरं होतं.”

“कायपण सांगा, गुरुजी. तुमी सांगाल ता ठेवीन.”

“नाय,” ते म्हणाले. “दुसऱ्या कुणाचं नाव तुझ्या पणजीला कसं देऊ?”

ती निघून गेली. गुरुजींनी वही मिटली आणि त्यानंतर ती उघडल्याचं मी पाहिलं नाही. मी गेले की हवापाण्याच्या गोष्टी करत. उन्हाळ्यात सिद्धार्थ येऊन दोघांना मुंबईला घेऊन गेला. एसटी स्टँडवर मी गेले होते. “गुरुजी, त्या दिवशी मी...” एवढंच बोलले. त्यांनी हमालाकडे वळून ट्रंक नीट ठेवायला सांगितलं, मग मला म्हणाले, “बाई, भिजू नका, अडोशाला उभ्या राहा.” वळवाचे चार थेंब पडत होते, तेवढेच.

पुढच्या वर्षी सिद्धार्थचं पत्र आलं. बाबा गेले, असं लिहिलं होतं. आजारपण थोडंच होतं, शेवटी फार बोलत नव्हते. खाली आणखी चार ओळी होत्या. बाबांनी यादीचं काय झालं ते कधी सांगितलं नाही, पण एक प्रत क्लासमध्ये बाईंकडे असते, असं पूर्वी म्हणायचे. बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, सगळे वंदनेला जमतील तेव्हा, घराण्यातली सगळी नावं वाचावीत अशी इच्छा आहे. आजोबांच्या मागचं आम्हाला कुणालाच माहीत नाही. तेवढ्या एका फाईलची नक्कल पाठवाल का?

मी अंतर्देशीय पत्र घेतलं. वर त्याचा पत्ता लिहिला, आत ‘प्रिय सिद्धार्थ’ लिहिलं. पुढची ओळ लिहायला मला चार दिवस लागले, आणि ते पत्र पोचेपर्यंत पुण्यानुमोदनाचा दिवस होऊन गेला होता.