पहिल्या सुईचा मान

पोळ्याची कर, मंगळवार, सकाळचे नऊ. जागा: जिल्हा परिषद शाळा, चौथीचा वर्ग.

हजर: लसीकरणाच्या ड्यूटीवर मी, म्हणजे याच शाळेची बाई. उपकेंद्राच्या सिस्टर. लशीचा निळा डबा. केळीवाले चाचा, हातगाडी आणि तिच्यावरच्या भोंग्यासह.
उशिरा येणार: सरपंच.
गैरहजर: ज्यांच्यासाठी फेटा आणि नारळ आणला, ते आबा.

गावाची हजेरी कुठे लावायची ते मात्र कळेना. गाव आलं होतं, पण फाटकाच्या आत यायला तयार नव्हतं. बाहेर लिंबाखाली बाया एका अंगाला, गडी एका अंगाला, अंघोळी करून, आधार कार्डं खिशात घालून उभे होते. मला वाटलं, लोक घाबरले. मी बाहेर जाऊन विचारलं की लस कोणाला नको आहे. कोणीच हात वर केला नाही. मग कोणाला हवी आहे? सगळ्यांचे हात वर. उन्हाळ्यात आमच्या गावानं दोन तिरड्या अशा पाहिल्या होत्या, की खांद्याला घरचं माणूस मिळालं नव्हतं. त्यानंतर लस हवी की नको यावर फार वाद उरला नव्हता.

मग आत का येत नाही, म्हणून विचारलं, तर पुढचा एक जण समजुतीनं म्हणाला, "आबांचं होऊ द्या की आदी. मान त्यांचा हाय."

इथं मानाचं सांगायला हवं. आदल्या दिवशी पोळ्याला हेच गाव असंच वेशीबाहेर उभं होतं. वेशीला पळसाच्या पानांचं तोरण बांधलेलं असतं. आबांची बैलजोडी त्याखालून गेल्याशिवाय दुसऱ्या कोणाचा बैल पाऊल टाकत नाही. एका पोळ्याला आबांचा डावा बैल ऐन वेशीत बसला. तो आपल्या मर्जीनं उठेपर्यंत सगळ्या गावाची जनावरं शिंगांना फुगे बांधून उभी होती आणि कोणी कुरकुर केली नाही. होळी पेटवायची आबांनी, भंडाऱ्यात पहिलं पान आबांचं. हे कायद्यात नाही, पण गावात आहे.

या मानाचा उपयोग करून घ्यायची कल्पना सरपंचांची. ग्रामसभेत त्यांनी जाहीर केलं, की पहिल्या सुईचा मानही आबांचा. म्हणजे आबा बसले की मागून गाव आपोआप रांगेत येईल. टाळ्या झाल्या. मी यादीत लिहून घेतलं: फेटा एक, नारळ एक. फक्त आबांना सुईची भीती वाटते की नाही, हे कोणी विचारलं नव्हतं. मारक्या खोंडाला वेसण घालणारा माणूस, त्याला कोण विचारणार?

तेवढ्यात काकू आल्या. काकू म्हणजे आबांची मंडळी. हातात हळदीकुंकवाचं ताट. नव्या ट्रॅक्टरला लावतात तसं त्यांनी लशीच्या डब्याला हळदकुंकू वाहिलं. सिस्टरांनी झाकणापुरती परवानगी दिली. मग काकूंनी शांतपणे बातमी सांगितली. आबांनी सकाळी फेटा बांधला, आरशात पाहिला आणि शाळेकडे न येता मळ्याची वाट धरली. आता ते कपाशीत बसले आहेत.

"कावून?" मी विचारलं. गावात राहून ‘का’च्या जागी माझ्याही तोंडी हा शब्द बसलाय.

"सुईला भेतेत. लगीन झाल्यापासून ठावं हाय मला. तुमी कुठं बोलू नका."

हे त्यांनी इतक्या मोठ्यानं सांगितलं, की लिंबाखालच्या बायांनी पदर तोंडाला लावले.

काकूंना हसू येत नव्हतं. त्यांची लेक पुण्याला. पहिल्या लॉकडाऊनमध्ये तिला मुलगी झाली. नात आता चालायला लागली होती आणि आजीनं तिला फोनच्या काचेतच पाहिलेलं. लेकीच्या सासऱ्यांची छाती नाजूक. म्हणून लेकीनं स्पष्ट सांगून ठेवलं होतं, की दोघांनी दोन्ही सुया घ्या आणि मगच दार वाजवा. काकूंनी नातीसाठी कुंची शिवली. ती अंगावर पडायच्या आधीच पोर वाढली. मग थोडी मोठी शिवली, तीही लहान झाली. तिसरी शिवून तयार होती, आणि मालक कपाशीत बसून होते.

मी सिस्टरांकडे पाहिलं, सिस्टरांनी घड्याळाकडे. बाटली फोडली की दहा माणसं लागतात आणि ती त्याच बैठकीत संपवावी लागते, उरलेलं फेकायचं. त्यामुळे दहा जण आत बसल्याशिवाय त्या झाकणाला हात लावणार नव्हत्या.

मग काकूंनीच मला विचारलं, "आबांचा पाय प्लास्टरमधी हुता तवा पोळ्याला बैलं कोणी नेली?"

मी त्या वर्षी दुसऱ्या गावी होते. लिंबाखालून उत्तर आलं, की काकूंनी.

"कासरा माझ्या हातात हुता. तोरण माझ्या बैलांनी तोडलं. मान घराचा असतो बाई, माणसाचा न्हाई."

त्या आत जाऊन खुर्चीवर बसल्या. बाहेर चार म्हाताऱ्यांची बैठक झाली. मुद्दा तपासला गेला, खोट निघाली नाही. पाठोपाठ नऊ जण पटापट आत येऊन बाकांवर बसले. सिस्टरांनी बाटली काढली.

इथवर सगळं काकूंचं होतं. पुढचं माझं आणि चाचांचं. मी चाचांना म्हटलं, भोंग्याचं तोंड जरा मळ्याकडे फिरवता का? चाचांना जास्त सांगावं लागत नाही. त्यांनी गाडीच फिरवली आणि बटण दाबलं. आधी भोंग्यातून नेहमीची गोड केळी, ताजी केळी झाली. ती बंद करून चाचांनी माईक धरला आणि गावाला कळवलं, की आज पहिल्या सुईचा मान आबांच्या घरच्या काकूंना मिळत आहे, फेटा काकूंना, नारळही काकूंना, आणि आबा सापडल्यास त्यांनीही टाळ्या वाजवायला यावं.

शाळेच्या मागंच मळा. खिडकीतून दिसलं, की हिरव्या कपाशीतून आधी फेट्याचा तुरा वर आला, मग फेटा, मग आबा.

ते वर्गात आले तेव्हा काकूंचं झालं होतं. दंडाला कापूस दाबून त्या बसल्या होत्या. मांडीवर नारळ.

आबा म्हणाले, "मी जित्ता असताना मान दुसऱ्यानं घेतला?"

"दुसऱ्यानं न्हाई, घरातच हाय. बसा माझ्या मागं."

आबा गावात कधी कोणाच्या मागं बसले नव्हते. ते दाराकडे वळले. दारात गाव उभं होतं, आता अगदी फाटकाच्या आत येऊन. चाचांनी अदबीनं खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाले, "बैठो आबा, डोळे मिटा. मी बी मिटणार हाय."

आबांनी डोळे मिटले, बाही वर केली आणि बराच वेळ तसेच थांबले. शेवटी विचारलं, सुरू कधी करणार? सिस्टर तोवर त्यांना टोचून तिसऱ्या माणसाकडे पोचल्या होत्या.

त्या दिवशी डबा रिकामा झाला. आबा संध्याकाळपर्यंत पारावर बसून सांगत होते, की काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं. गडीमाणसांत पहिला मान आपलाच, हेही ते सांगायला विसरले नाहीत. सरपंच आले नाहीत. तालुक्याला काम निघालं होतं.

मार्गशीर्षात दुसरी फेरी झाली. गाव रांगेत आलं, काकू आल्या, आबा नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की दुसऱ्या सुईला कसला मान? फेटा नाही, भोंगा नाही, मग जायचं कशाला? त्यांचा हिशेब वेगळाच होता. आपण घेतली नाही तर काकूही पुण्याला जाणार नाहीत, घरी दोन वेळची भाकरी मिळत राहील.

काकूंनी पिशवी भरली. आबा तेलगावच्या फाट्यापर्यंत सोडायला गेले, कारण काकू एसटीत चढणारच नाहीत अशी त्यांची खात्री होती. त्या चढल्या. खिडकीतून एवढंच म्हणाल्या, की भाकरीचं पीठ डब्यात आहे.

आठवड्यानं फोन आला. आबांना फोन नीट धरता येत नाही, म्हणून ते शाळेत माझ्याकडे घेऊन आले. काचेत नात दिसली. डोक्यावर तिसरी कुंची, अगदी बरोबर बसलेली. ती काकूंच्या नाकाला हात लावत होती. आबांनी काचेवर बोट ठेवलं, आणि पलीकडून नातीनंही ठेवलं. मग ती उठून काकूंकडे निघून गेली.

आबांनी बाही वर सरकवली. मग म्हणाले, "बाई, ठेवा सुई तयार."

मी सिस्टरांना फोन लावला. त्यांनी बाटलीचं गणित पुन्हा सांगितलं. एकासाठी फोडता येत नाही, दहा माणसं आणा. मी यादी उघडली. गावातले जवळजवळ सगळे झाले होते.

"समद्यांनी घेतली? येवढी घाई कशाची हुती त्यांना?"

"तुमच्याच मागं आले की, आबा."

तालुक्याच्या दवाखान्यात जा म्हटलं, तर ते पटेना. पहिली सुई गावासमोर घेतलेला माणूस दुसरीसाठी परगावी कोणाच्या पाठीमागं उभा राहणार नाही.

तेव्हापासून आबा माणसं गोळा करत फिरताहेत. नांदायला आलेली नवी सून, देवळाचा सभामंडप बांधणारे दोन गवंडी, मेंढ्या घेऊन उतरलेलं एक कुटुंब. कोणाची पहिली राहिली, कोणाची दुसरी. चाचा रोज भोंगा फुकट देतात, फक्त केळी आधी वाजतात. आबा बाही वर करून दंड दाखवतात. तिथं बघण्यासारखं काहीही नसतं, तरी म्हणतात, "बघ बे, हाय का काही? पोरगी वाट बघायलीय माझी, चल."

आबा धरून नऊ झाले. दहावा कोण, ते यादीत शोधायला मला वेळ लागला नाही. ज्यांनी पहिल्या सुईचा मान जाहीर केला, त्यांचीच पहिली राहिली आहे. आबा सकाळपासून त्यांच्या ओट्यावर बसले आहेत. आतून निरोप आला, की साहेब तालुक्याला गेलेत. गाडी मात्र दारात उभी आहे.

मी पुढच्या बैठकीची हजेरी तयार करून ठेवली आहे. हजर: नऊ. उशिरा येणार: सरपंच.