लुकलुकणारी काच

माझी धाकटी बहीण वसुमती तंजावरात कॉम्प्युटरवर लग्नाच्या निमंत्रणपत्रिकांचा मजकूर जुळवायची. सत्त्याण्णव साल. गल्लोगल्ली कॉम्प्युटरच्या पाट्या लागल्या होत्या, आणि ज्याच्याकडे ती पेटी तो शहाणा, असं झालं होतं. राजगोपालनं आपल्या छापखान्यात पेटी आणली आणि आमच्या वसूला तिच्यापुढं बसवलं. पोरगी इतकी हरखली की जेवतानाही ताटाच्या कडेवर बोटं चालवायची. अम्मा ओरडायची, "अन्नाला टाइप करतेस का गे?"

मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. संध्याकाळी घरी आली की कपाळ धरून भिंतीला टेकायची. दिव्याकडं बघवेना.

दुसऱ्या कुठल्या घरात म्हणाले असते, दमली पोर. आमच्या घरात सगळे अप्पांकडं बघायला लागले. आमचे अप्पा चाळिशीतच आंधळे झाले होते, त्यांच्याआधी आजोबा. दोघांचंही असंच सुरू झालेलं, पाणी आणि कपाळ. डोळ्यांच्या डॉक्टरांनी वसूला तपासलं आणि म्हणाले, "आज तरी काही दिसत नाही. पण घराण्यात आहे, लक्ष ठेवा." आता हे 'आज तरी' ऐकून कुणाला झोप लागणार, सांगा! अम्मानं मीठमिरची ओवाळून दृष्ट काढली, वर डोळ्यांत एरंडेल घातलं. त्यानं पोरीला सगळं धूसर दिसायला लागलं, तेव्हा तर आमचं धाबंच दणाणलं. अप्पा ती आली की तिच्या पावलांकडं कान लावून बसत.

तेवढ्यात सरस्वतीपूजा आली. त्या दिवशी आमच्या गावात कुणी आपल्या धंद्याची वस्तू हातात घेत नाही. छापखान्यातली यंत्रं, कात्री, सगळ्यांना गंध लावून माळा घालतात. राजगोपालनं पेटीच्या काचेवरही चंदनाची बोटं ओढली. विजयादशमीला पूजा उतरेपर्यंत शिवायचं नाही, म्हणून वसू घरी. वाचायचंही नाही, तेव्हा मी मुद्दाम तिला बारीक मणी ओवायला बसवलं. दिवसभर ओवत होती बया! ना पाणी, ना कपाळ. दुसऱ्या दिवशी पूजा उतरली, ती पेटीपुढं बसली, आणि दुपारच्या आत पुन्हा तेच.

"अक्का, डोळे नव्हेत गे, ती काच आहे," ती मला म्हणाली. "समोरून कळत नाही. नजर बाजूला नेली की लुकलुकते. ट्यूबलाइट जायला आली की करते ना, तशी."

मी तिला घेऊन राजगोपालकडं गेले. तर तो म्हणतो कसा, "आंधळेपणा घरून आणायचा आणि नावं माझ्या पेटीला ठेवायची?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुम्ही बसा की दिवसभर तिच्यापुढं! बसून दाखवा!"

तो बसला नाही. पण मुहूर्त जवळ आले होते आणि वसूवाचून पत्रिका अडत होत्या. "दुसरी काच आणतो," तो वसूला म्हणाला. "तिच्यापुढंही पाणी आलं तर मात्र घरी बस. उद्या तुझं काही झालं तर लोक मला बोलतील."

त्रिचीच्या दुकानात वसूनं एकेक मॉनिटर लावायला लावला, त्यावर कोरं पांढरं पान आणवलं आणि कोंबडीसारखी मान वाकडी करून बाजूनं बघत राहिली. दुकानदार हसला, "अहो बाई, हे समोरून बघतात!" मी म्हटलं, "साडी आम्ही दारात नेऊन उलटी करून बघतो. तुम्ही लावा पुढचा." कितीतरी झाले. शेवटी एका काचेपुढं ती बराच वेळ थांबली. "ही हलत नाही," ती म्हणाली.

तीच काच छापखान्यात आली. अप्पा हट्टानं माझा हात धरून आले, वसूच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसले. आणि ही बसेचना! टेबल पूस, वायर सरळ कर, पुन्हा टेबल पूस.

"बस की गे आता!" मी म्हटलं. "का मुहूर्त काढून आणू?"

ती माझ्या कानाशी आली. "अक्का, हिच्यापुढंही पाणी आलं तर मग काच नव्हे."

मी खुर्ची ओढून दिली.

सकाळ गेली. मधूनमधून अप्पा चाचपडत तिच्या डोळ्याखाली बोट लावत आणि आपलंच बोट अंगठ्यानं चोळून बघत. दुपारची जेवणं तशीच डब्यात राहिली. राजगोपाल दोनदा येऊन बघून गेला. संध्याकाळी वसूनं शेवटची पत्रिका संपवली तेव्हा अप्पांनी तिचा चेहराच दोन्ही हातांत घेतला.

"दुखतंय?"

"नाही अप्पा."

"मला दिसत नाही म्हणून खोटं बोलू नको."

"शपथ अप्पा. काही दुखत नाही."

ते तिच्या पापण्यांवरून बोटं फिरवत राहिले. मग म्हणाले, "तू जन्मलीस तेव्हा घरभर सगळे म्हणाले, डोळे अगदी बापाचे घेतलेत. हसत होते सगळे. माझ्या पोटात तेव्हापासून गोळा आहे गे." आणि राजगोपालच्या, कामगारांच्या, सगळ्यांच्या देखत अप्पा मोठ्यानं रडले.