दुबलगुंडीत उमललेली आफ्रिका

दुबलगुंडीत चंद्रभागाबाईंचं घर शोधावं लागत नाही. ‘झाडंवाल्या अक्का’ म्हटलं की कुणीही थेट दारात आणून सोडतं. शेत तुरीचं, नवरा आप्पाराव साधा, सरळ. पण बाईंच्या परसात पाऊल टाकावं तर अख्खी दुनिया हजर! तेलाच्या डब्यात पक्ष्याच्या चोचीसारखं फूल. ओल्या पोत्यांच्या आडोशाला मलेशियाकडचं काळं फूल, जणू लांब मिशा सोडलेलं वटवाघूळच. ते दोनदा मेलं. बाईंनी पुन्हा लावलं.

थोरला शिवप्रसाद पुणे-हैदराबाद रस्त्यावर लॉरी चालवतो. इतर आया लेकाला साडी आणायला सांगतात, ह्या रोपं सांगतात. जवळच्या हुमनाबादला उतरला की त्याच्या हातात कुंडी असतेच.

आफ्रिकेतलं एक बिनकाट्यांचं, निवडुंगासारखं झाड मात्र कित्येक वर्षं मुकाट्यानं बसून होतं. यंदा दसऱ्यानंतर त्याला पिशवीसारखी फुगीर कळी आली. आणि उमलायला तिनं मुहूर्त कुठला धरावा? धाकट्या लेकीला, पल्लवीला बघायला मन्नाएखेळ्ळीच्या उमादेवी, मुलगा हरिओमला घेऊन यायच्या होत्या, नेमका तोच दिवस!

फूल उमललं आणि घरभर मेलेल्या उंदरासारखा वास सुटला.

“उकिरड्यावर फेक ते आधी! पाव्हणे यायलेत,” आप्पाराव नाक धरून ओरडले.

“एवढी वर्षं वाट बघितली, अन् आज फेकू?”

“अन् पोरीचं जमलं न्हाई तर?”

तेव्हा मात्र बाईंचा हात कुंडीकडे गेला. पल्लवीनंच तो अडवला. “ऱ्हाऊ दे, आई. वासाला भिऊन पळणारं सासर मला तरी कामून पाहिजे?”

शेवटी फुलावर वेताची पाटी झाकली. वास कुठला झाकतोय!

पाहुणे आले, बसले. पोह्यांची बशी हातात घेतलेल्या उमादेवी मध्येच थांबल्या. “अक्का, उंदीर मेलाय काय हो कुठं?”

“व्हय, व्हय! उंदीरच!” आप्पारावांनी संधी साधली.

चंद्रभागाबाई ताठ उभ्या राहिल्या. “न्हाई. माझं फूल हाय ते. चला, दावते.”

परसात जाऊन त्यांनी पाटी उचलली ती अशी, की नाटकाचा पडदाच वर गेला. थाळीएवढी पाच पाकळ्यांची चांदणी! फिकट पिवळी, अंगभर तांबड्या रेघांची नक्षी, वर मऊ लव. भोवती माश्यांचा दरबार.

“ह्याला मधमाश्यांची गरज न्हाई,” बाई सांगू लागल्या. “सडक्या वासाला भुलून माशा येतेत अन् ह्येचं काम करून जातेत.”

उमादेवींचा पदर नाकाला, पण मान मात्र फुलाकडे वाकलेली. “नाव काय म्हणायचं?”

पल्लवीनं खाली बघितलं.

“इंग्रजी नाव तोंडात बसंना,” बाई म्हणाल्या. “आमी ‘जावई’ म्हन्तो.”

“जावई? कामून?”

“येतो कवातरी, सगळ्या घराला नाचवतो, अन् वास आला तरी तोंडावर कुणी बोलायचं न्हाई!”

आप्पारावांनी डोळे मिटले. सगळं संपलं, असंच त्यांना वाटलं. पण आधी हसला तो हरिओम. मग उमादेवींना असं हसू फुटलं की नाकावरचा पदर सुटला, वासानं ठसका लागला, तरी हसू थांबेना. “आमच्या घरीबी दोन हायेत असले! दिवाळीला येतेत.”

डोळे पुसत त्यांनी विचारलं, “ह्याची फांदी लागती काय हो?”

“लागती की.”

“मग पोरीसंगं पाठवून द्या मन्नाएखेळ्ळीला.”

आप्पाराव लगेच विळा आणायला निघाले. बाईंनी त्यांचा सदरा मागून धरला आणि पल्लवीकडे पाहिलं. ती लाजली नाही. सरळ हरिओमकडे बघून हसली. तेव्हा बाईंनी सदरा सोडला.

“पाठवते, उमाक्का. पन पानी लई घालू नका. लाड झालं की सडतंय.”

“झाडाचं म्हणायलाव का पोराचं?”

बाईंनी हरिओमला पायापासून डोक्यापर्यंत एकदा न्याहाळलं.

“दोघांचंबी!”