पथ्य मोडलं त्या दिवशीची बरबटी

"लिवर तो सुधर रहा है," डॉक्टर रिपोर्ट बघत म्हणाले. "लेकिन पेशंट भूखी है. खाना किसने बंद किया?"

मी बंद केलं होतं. तेव्हा मात्र औषधाच्या चिठ्ठ्या चाळत बसलो. शेजारी माझी बायको सुनंदा, सुजलेले पाय चपलांबाहेर काढून. तिनंही माझं नाव घेतलं नाही.

तिचं अल्ब्युमिन उतरलं होतं. अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं प्रथिन. ते कमी झालं की अंगात पाणी साचतं. थोडं काविळीनं उतरलं, बाकीचं माझ्या पथ्यानं.

आधी मळमळ झाली, मग डोळे पिवळे. बिलिरुबिन, म्हणजे कावीळ किती ते सांगणारी तपासणी, झाली. भूक लागेल तसं साधं घरचं जेवण द्या, असं दवाखान्यात तेव्हाच सांगितलं होतं. पण आमच्याकडे कावीळ म्हटली की झाडपाला आणि पांढरा भात-ताक. डाळ नाही, हळद नाही. भीमपूरहून माझी थोरली बहीण, आक्का, औषध घेऊन आली आणि घरीच राहिली. तिनं सांगितलेलं पथ्य मी डोळे मिटून पाळलं.

मावला गावात आमचा भाजीचा मळा. दिवसभर मी लोकांना शेंगा विकायचो आणि घरी सुनंदा म्हणायची, "जराशी बरबटी शिजवा ना. लय भूक लागून राह्यली." बरबटी म्हणजे चवळी. मी म्हणायचो, डोळे पांढरे होऊ दे. डोळे पांढरे झाले, तरी दिली नाही. एकदा तिनं शेंगेतले कच्चे दाणे तोंडात टाकले. ते मी तिला थुंकायला लावले. हे तेव्हा कोणालाच सांगितलं नाही.

"तेल कम, दाल-बीन्स का सूप बनाके दो," डॉक्टर म्हणाले.

घरी येऊन मीच चुलीपाशी बसलो. बरबटीचे ओले दाणे टमाटर-लसूण घालून मऊ शिजवले, अर्धे डावानं घोटून दाट केले. वरून शेपू, कढीपत्ता आणि मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, चिरून टाकला. बाजारात त्याला तेलुगूत कोत्तिमीर म्हणतात, घरात सांबार. हळदही टाकली, मुद्दाम.

आक्का दारात उभी. "काऊन रे, बायकोले माराले निंगाला का?"

"आतापर्यंत तेच करून राह्यलो होतो, आक्का."

"मंग माह्या दारात पाय ठेवू नको!" पिशवी उचलून ती भीमपूरची बस धरायला निघाली. मी अडवलं नाही. वाटी घेऊन आत गेलो.

सुनंदानं घोट घेतला. "मीठ कमी हाय. अन् सांबार धुतला का तसाच टाकला? माती लागून राह्यली दाताले."

आणि वाटी पुन्हा पुढे केली.

सूज हळूहळू उतरली. अल्ब्युमिन वर आलं. डॉक्टरांचे आभार मी मानले. सुनंदाचे कसे मानावेत, अजून कळत नाही. आक्का अजून बोलत नाही. नाही तर नाही.

तुमच्या घरी कावीळ झाली तर काय खायचं ते डॉक्टरला विचारा, आणि मग तेच ऐका. आता गिऱ्हाईक म्हणालं, "घरी कावीळ हाय, शेंगा नको," की मी माझी गोष्ट, दाणे थुंकायला लावले त्यासकट, सांगतो, भर बाजारात. परवा एकजण हसला. "भाजी खपवाची चांगली युक्ती हाय काका!"

शेंगांची जुडी त्याच्या पिशवीत कोंबली. म्हटलं, पैसे नको. डॉक्टरले विचार, अन् शिजव.